लॉर्ड हॉलंड : प्रेमळ बाप, बदनाम पेमास्टर

मे १७४४. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपलेलं होतं. अशात एके दिवशी लंडनच्या राजदरबारात बडी मंडळी इतकी हवालदिल दिसत होती, की लॉर्ड कार्टरेट या मंत्र्याला वाटलं, फौज हरल्याची किंवा आरमार बुडाल्याची बातमी आली असणार. चौकशी केल्यावर कळलं की कारण आहे एक लग्न. हेन्री फॉक्स नावाच्या अडतीस वर्षांच्या खासदाराने रिचमंडच्या ड्यूकची थोरली मुलगी कॅरोलाइन लेनॉक्स हिच्याशी तिच्या आईवडिलांच्या नकळत लग्न उरकलं होतं. ड्यूक हा राजा दुसरा चार्ल्स याचा नातू, अनौरस शाखेतला का होईना, पण राजरक्ताचा. आणि जावई कोण, तर ज्याच्या बापाने चाकरीतून पैसा केला असा माणूस.

हा हेन्री फॉक्स पुढे लॉर्ड हॉलंड झाला. ब्रिटिश राजकारणाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते सरकारी पैशावर गबर झालेला मंत्री म्हणून. त्याच्या घरातल्या पत्रांमध्ये मात्र वेगळाच माणूस भेटतो. बायकोवर जन्मभर प्रेम करणारा, मुलांना कधी ‘नाही’ न म्हणणारा, पाहुण्यांनी घर भरलेलं असावं असं वाटणारा. बरेच लेखक ही दोन चित्रं शेजारी ठेवतात आणि नवल करतात. मला ती एकाच माणसाची वाटतात. फॉक्सच्या लेखी जगात खरं असं एकच होतं, ते म्हणजे आपलं घर. पद, पक्ष, खजिना, सगळं त्या घराच्या कामी येण्यासाठी होतं. त्याचं चांगलं आणि वाईट, दोन्ही तिथूनच निघालं.

त्याच्या बापाची कथा आधी सांगायला हवी. सर स्टीफन फॉक्स यांचा जन्म १६२७ सालचा, म्हणजे ते शिवाजी महाराजांपेक्षा तीन वर्षांनी मोठे. विल्टशरमधल्या साध्या कुटुंबातला हा मुलगा बड्या घरांत चाकरीला लागला, आणि परागंदा झालेल्या दुसऱ्या चार्ल्सचा घरखर्च त्याने परदेशात इतका नेटका सांभाळला की राजा गादीवर परतल्यावर त्याला फौजेचा पेमास्टर, म्हणजे पगार वाटणारा अधिकारी नेमण्यात आलं. खजिन्यातून पैसे वेळेवर येत नसत. स्टीफन स्वतःच्या नावावर कर्ज उभं करून शिपायांना वेळच्या वेळी पगार देई आणि त्याबद्दल ठरलेली कपात घेई. त्यातून तो देशातल्या सर्वांत श्रीमंत सामान्यजनांपैकी एक झाला. जखमी आणि म्हाताऱ्या सैनिकांसाठी चेल्सीला जे मोठं आश्रयस्थान उभं राहिलं, त्यालाही त्याचा हातभार होता. पहिल्या बायकोच्या मृत्यूनंतर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याने एका पाद्र्याच्या तरुण मुलीशी दुसरं लग्न केलं. त्या लग्नाच्या मुलांपैकी हेन्री, जन्म १७०५. मुलगा अकरा वर्षांचा होण्याच्या आसपास बाप गेला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत आईही.

अशा पोरक्या मुलाच्या हाती पैसा आला आणि तो त्याने जुगारात घालवला. ईटन आणि ऑक्सफर्डचं शिक्षण झालं, काही वर्षं युरोपात गेली. थोरला भाऊ स्टीफन हाच त्याचा आधार. दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम होतं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. हा भाऊ पुढे अर्ल ऑफ इल्चेस्टर झाला. हेन्री १७३५ साली कॉमन्समध्ये निवडून आला, पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या गोटात गेला, आणि वादविवादात तरबेज म्हणून भराभर वर चढला. राजकारण वॉलपोलच्या हाताखाली शिकलेला माणूस तत्त्वांच्या गप्पा फार मारत नसे. कोणाला काय हवंय हे ओळखावं आणि ते द्यावं, हीच त्या शाळेची शिकवण.

आता कॅरोलाइन. ती एकवीस वर्षांची, वाचनाची आवड असलेली, स्वतःच्या मताची मुलगी. हेन्रीने रीतसर मागणी घातली, ती ड्यूकने साफ धुडकावली. घरच्यांनी दुसरा नवरा पाहायला घेतला. घराण्यात अशी कथा सांगत, की त्या उमेदवारासमोर जेवणाच्या टेबलावर यायचं टळावं म्हणून कॅरोलाइनने आदल्या दिवशी स्वतःच्या भुवया उतरवून टाकल्या. अशा चेहऱ्याने मुलीला पाहुण्यांसमोर बसवणं शक्यच नव्हतं. मग एका मित्राच्या लंडनमधल्या घरी लग्न लागलं. ड्यूक आणि डचेस यांनी मुलीशी बोलणं सोडलं, धाकट्या बहिणींनाही तिला भेटायची बंदी केली.

या आईबापांचं स्वतःचं लग्न कसं झालं होतं, हे कळलं की त्यांचा राग अधिकच बोचतो. दोघांच्या वडिलांनी जुगारातल्या देण्याघेण्याच्या पोटी ते ठरवलं होतं असं सांगतात. नवरा अठरा वर्षांचा, नवरी तेराचौदांची. लग्न लागताच नवरा युरोपच्या प्रवासाला निघून गेला. काही वर्षांनी परतल्यावर घरी न जाता तो नाटकाला गेला, तिथे एका सुंदर तरुणीवर त्याची नजर खिळली आणि ती कोण म्हणून त्याने विचारलं, तर ती त्याचीच बायको निघाली. पुढे दोघांनी फार सुखाचा संसार केला. नशिबाने साधलेलं ते लग्न त्यांना शहाणपणाचं वाटलं असावं, आणि मुलीने स्वतः निवडलेलं लग्न त्यांना घाव वाटलं.

सलोखा व्हायला चार वर्षं लागली. मधला दुवा झाली ती धाकटी बहीण एमिली. तिचं लग्न १७४७ साली आयर्लंडच्या अर्ल ऑफ किल्डेअरशी झालं. स्वतःच्या घरची धनीण झाल्यावर बहिणीला भेटण्यापासून तिला कोण अडवणार? १७४८ साली ड्यूकने मुलीला आणि जावयाला जवळ केलं, पण मनातली अढी पुरती गेली नाही. १७५०-५१ मध्ये वर्षभराच्या अंतराने ड्यूक आणि डचेस दोघंही वारले, तेव्हा लहान मुलींचा सांभाळ कोणी करायचा याची तजवीज त्यांनी आधीच केलेली होती. लंडनमधल्या थोरल्या कॅरोलाइनला वगळून पोरींना समुद्रापार एमिलीकडे पाठवण्यात आलं. कॅरोलाइनला हे किती लागलं असेल! तरी दोघी बहिणींचं प्रेम अभंग राहिलं, आणि त्यांनी वर्षानुवर्षं एकमेकींना लिहिलेल्या पत्रांमुळेच आज त्या घरात काय शिजत होतं, कोण आजारी होतं, कोण कोणावर रुसलं होतं, हे आपल्याला इतकं जवळून दिसतं.

आपल्या लग्नाचा अभिमान फॉक्सने राजकारणातही बाळगला. लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी १७५३ साली विवाह कायदा आणला. चर्चमध्ये आगाऊ घोषणा किंवा परवाना असल्याशिवाय लग्न वैध नाही, आणि परवान्याने लग्न करणारी व्यक्ती एकवीस वर्षांखालील असेल तर पालकांची संमती हवी, असा त्याचा गाभा होता. फॉक्स तेव्हा युद्धखात्याचा सचिव, म्हणजे सरकारचाच माणूस. तरी कॉमन्समध्ये तो या विधेयकावर तुटून पडला. श्रीमंतांच्या पोरी श्रीमंतांतच राहाव्यात, गरिबाला लग्न करणं जड व्हावं, एवढंच यातून साधेल असं त्याचं म्हणणं होतं. हार्डविकचं वैर त्याने जन्मभरासाठी ओढवून घेतलं. कायदा झालाच. तो स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावात जाऊ लागली.

पण प्रेमविवाहाचा हा कैवारी स्वतःच्या पुतणीच्या वेळी कसा वागला, तेही सांगायला हवं. भावाची मुलगी लेडी सुझन फॉक्सच्या घरी, हॉलंड हाउसमध्ये, नेहमी असे. जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या एका चित्रात ती दिसते. खिडकीत कॅरोलाइनची धाकटी बहीण सारा, खाली हातात पारवा घेतलेली सुझन, आणि शेजारी हातात कागद घेतलेला पोरसवदा चार्ल्स फॉक्स. त्या घरात हौशी नाटकं होत. सुझनचा जीव विल्यम ओब्रायन या आयरिश नटावर जडला. तिने एकविसावं वर्ष पूर्ण होऊ दिलं, म्हणजे हार्डविकच्या कायद्याला हात घालता येऊ नये, आणि एप्रिल १७६४ मध्ये कोव्हेंट गार्डनच्या चर्चमध्ये त्याच्याशी लग्न केलं. घरात हाहाकार उडाला. ड्यूकच्या मुलीने खासदाराशी लग्न करणं वेगळं आणि अर्लच्या मुलीने नटाशी करणं वेगळं, असं सगळ्यांनाच वाटलं, हेन्रीलाही. त्याने खटपट करून जोडप्याला अमेरिकेत, न्यूयॉर्कला पाठवून दिलं. तिथे त्यांच्या पोटापाण्याची सोय लागावी म्हणून धडपडही केली. माणूस नजरेआड करायचा, पण उपाशी मात्र ठेवायचा नाही, ही त्याची रीत.

आता त्याच्या बदनामीकडे येऊ. १७५५ साली तो सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि कॉमन्समधला सरकारचा नेता झाला होता. पुढच्याच वर्षी मिनॉर्का बेट फ्रेंचांनी घेतलं, लोक खवळले, आणि फॉक्सने राजीनामा देऊन अंग काढून घेतलं. त्या पराभवाचं खापर अॅडमिरल बिंगवर फुटलं, त्याला मार्च १७५७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी सप्तवार्षिक युद्ध चालवण्यासाठी विल्यम पिट आणि ड्यूक ऑफ न्यूकॅसल एकत्र आले. फॉक्सने सत्ता मागितली नाही, पेमास्टर जनरलचं पद मागितलं. बापाचंच पद. आठ वर्षं तो त्यावर राहिला.

या पदाचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. पार्लमेंट फौजेसाठी पैसा मंजूर करी. खजिना तो ठोक रकमांनी पेमास्टरच्या हवाली करी. पेमास्टर तो पलटणींच्या अडत्यांकडे, रसद पुरवणाऱ्यांकडे, जर्मनीतल्या मित्रराजांकडे पोचवी. पण पैसा आला आज आणि द्यायचा सहा महिन्यांनी, असं सतत होई. मधल्या काळातली शिल्लक पेमास्टरच्या स्वतःच्या ताब्यात, त्याच्या नावच्या खात्यात पडून राही. तो ती सरकारी रोख्यांत गुंतवी, व्याजाने लावी, आणि नफा स्वतःचा म्हणून ठेवी. यात कायद्याचा भंग नव्हता. हिशेब तपासून पुरा होईपर्यंत शिल्लक परत करायची घाईही नव्हती, आणि हिशेबतपासनीसांचं कार्यालय इतक्या संथपणे चाले की एकेका पेमास्टरचं खातं मिटायला दहापंधरा वर्षं सहज लागत. शांततेच्या काळात ही शिल्लक बेताची असे. सप्तवार्षिक युद्ध युरोप, अमेरिका, वेस्ट इंडीज आणि हिंदुस्थान एवढ्या पसाऱ्यात लढलं जात होतं. पेमास्टरच्या हातून वाहणारा पैसा पूर्वी कधी नव्हता एवढा झाला. फॉक्सने या पदातून कमावलेली रक्कम चार लाख पौंडांच्या आसपास धरली जाते. लंडनमधल्या साध्या मजुराची वर्षाची कमाई तेव्हा पंचवीसतीस पौंड होती.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. पिट १७४६ ते १७५५ याच पदावर होता. त्याने शिल्लक बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवली आणि पगारापलीकडे एक पैही घेतली नाही. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. फॉक्सला त्याचं हे वागणं ढोंग वाटे. सगळेच घेत आले, माझ्या बापाने घेतलं, मला मुलं आहेत, असा त्याचा सरळ हिशेब. मला त्यात खोटेपणा दिसत नाही, आंधळेपणा दिसतो. शिपायाचा पगार त्याच्या हाती पोचेपर्यंत त्यावरचं व्याज खाताना त्या शिपायालाही घर असतं, हे फॉक्सच्या मनात कधी आलेलं दिसत नाही.

याच वृत्तीने त्याने १७६२ साली राजकीय आयुष्यातलं सर्वांत कठोर काम हाती घेतलं. तरुण तिसरा जॉर्ज गादीवर आला होता, लॉर्ड ब्यूट हा त्याचा लाडका पंतप्रधान, आणि दोघांना युद्ध संपवायचं होतं. तहाला पार्लमेंटमध्ये कडवा विरोध होता. बहुमत जुळवून देण्याचं काम फॉक्सने घेतलं. कोणाला आश्वासन, कोणाला नेमणूक, कोणाला रोकड. डिसेंबरमध्ये तहाची कलमं ३१९ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाली. मग सूड सुरू झाला. न्यूकॅसल, ग्रॅफ्टन, रॉकिंगहॅम यांच्यासारख्या सरदारांची मानाची पदं गेली, ते समजू शकतं. पण त्यांच्या शिफारशीने वर्षांपूर्वी चिकटलेले जकातीवरचे कारकून, किरकोळ नोकरदार, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवा यांनाही वेचून वेचून काढण्यात आलं. विरोधकांनी त्याला निरपराधांची कत्तल म्हटलं. स्वतःच्या घरी इतका हळवा असलेला माणूस दुसऱ्यांची घरं इतक्या शांतपणे मोडू शकतो, हे वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. बक्षीस म्हणून एप्रिल १७६३ मध्ये त्याला बॅरन हॉलंड करण्यात आलं. अर्ल होण्यासाठी तो पुढे वर्षानुवर्षं अर्जविनंत्या करत राहिला. ते त्याला मिळालं नाही. १७६५ साली पेमास्टरचं पदही काढून घेतलं गेलं, आणि १७६९ साली लंडन शहराने राजाला दिलेल्या अर्जात, अगणित सरकारी पैशाचा हिशेब न देणारा म्हणून त्याच्यावर जाहीर बोट ठेवण्यात आलं.

घराच्या उत्कर्षासाठी त्याने राजाच्या मनाचाही डाव खेळून पाहिला होता. मेव्हणी सारा चौदापंधरा वर्षांची असताना आयर्लंडहून कॅरोलाइनकडे राहायला आली. तरुण जॉर्ज तिच्यावर भाळला. केन्सिंग्टनमधलं हॉलंड हाउस रस्त्याला लागून. १७६१ च्या उन्हाळ्यात राजा घोड्यावरून फेरफटक्याला निघे तेव्हा सारा तिथल्या हिरवळीवर गवत वाळवायला पसरताना त्याला दिसावी, अशी व्यवस्था फॉक्सने केली. राजाने पाहिलं, पण ब्यूटने आणि आईने त्याला जर्मन राजकन्येकडे वळवलं. सप्टेंबरमध्ये राजाचं लग्न शार्लटशी झालं, आणि सारा त्या लग्नात करवली म्हणून उभी राहिली.

मुलांच्या बाबतीत तर तो लाड करायला थकत नसे. थोरला स्टीफन, मधला चार्ल्स जेम्स, धाकटा हेन्री एडवर्ड. त्यातला चार्ल्स बापाचा जीव की प्राण. पोराला घड्याळ फोडायचंय? फोडू दे. बागेतली भिंत सुरुंगाने उडवताना बघायची राहून गेली? भिंत पुन्हा बांधून त्याच्यासाठी पुन्हा उडवण्यात आली. मुलाचं मन मोडू नये, ते काम जग करेलच, असं फॉक्सचं मत. १७६३ साली चौदा वर्षांच्या चार्ल्सला तो स्पा या गावी घेऊन गेला आणि रोज रात्री पत्त्यांच्या टेबलावर खेळायला त्याच्या हाती गिनी दिल्या. कॅरोलाइनला हे पसंत नव्हतं. पिटचा आठ वर्षांचा मुलगा विल्यम एकदा तिच्या पाहण्यात आला, तेव्हा हा शिस्तीत वाढलेला मुलगा पुढे आपल्या चार्ल्सला जड जाणार, असं ती म्हणाली होती म्हणतात. स्पाच्या टेबलाचं फळ दहा वर्षांनी आलं. १७७३-७४ च्या हिवाळ्यात चार्ल्सची जुगाराची देणी फेडायला बापाला सुमारे एक लाख चाळीस हजार पौंड मोजावे लागले. पेमास्टरच्या खात्यातून आलेला पैसा लंडनच्या क्लबांतून सावकारांकडे गेला.

तोवर फॉक्स खंगला होता. जॉर्ज सेल्विन हा त्याचा जुना मित्र, मेलेली माणसं पाहण्याच्या विचित्र आवडीसाठी प्रसिद्ध. तो समाचाराला येऊन गेल्याचं कळल्यावर हॉलंडने नोकराला सांगितलं म्हणे, पुन्हा आला तर वर पाठव. मी जिवंत असलो तर मला त्याला भेटून आनंद होईल, आणि मेलेला असलो तर त्याला मला पाहून होईल. १ जुलै १७७४ रोजी तो गेला. कॅरोलाइन त्याच महिन्यात, तीन आठवड्यांनी. वर्ष संपायच्या आत थोरला मुलगा स्टीफनही वारला. जेमतेम वर्षाचा नातू तिसरा लॉर्ड हॉलंड झाला. पेमास्टरचे हिशेब तेव्हाही पुरते मिटलेले नव्हते. पेमास्टरच्या हातात शिल्लक ठेवण्याची पद्धतच बंद करणारा कायदा १७८२ साली खासदार एडमंड बर्कने करून घेतला.

चार्ल्स जेम्स फॉक्स तोवर ब्रिटनमधला अव्वल वक्ता झाला होता. आईबापांच्या लग्नाचा मान त्यानेही राखला. राजघराण्यातल्या लग्नांवर राजाच्या संमतीची अट घालणारा कायदा १७७२ साली आला, तेव्हा त्याला विरोध करता यावा म्हणून त्याने आरमार खात्यातलं पद सोडलं. मात्र बापाच्या नावाचं ओझं त्याच्या खांद्यावर राहिलं, आणि ते सर्वांत जड झालं हिंदुस्थानच्या प्रश्नावर. १७८३ साली त्याने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती देणारं विधेयक आणलं. कंपनीच्या अनागोंदीला आळा घालण्याचा तो खरा प्रयत्न होता, त्यामागे बर्कचा अभ्यास होता. लोकांना मात्र दिसलं एवढंच, की फॉक्सच्या मुलाला हिंदुस्थानातल्या सगळ्या नेमणुका आपल्या माणसांच्या हाती हव्या आहेत. जेम्स सेयर्स या व्यंगचित्रकाराने त्याला हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीत शिरणारा ‘कार्लो खान’ करून चितारलं, आणि ते चित्र घरोघरी गेलं. कॉमन्सने विधेयक मंजूर केलं. मग याला मत देणारा आपला मित्र नाही, असा निरोप राजाने लॉर्ड्समध्ये फिरवला आणि १७ डिसेंबरला ते ९५ विरुद्ध ७६ मतांनी पडलं. मंत्रिमंडळ बरखास्त झालं. नवा पंतप्रधान होता चोवीस वर्षांचा विल्यम पिट, तोच मुलगा. त्याने १७८४ साली केलेल्या कायद्याने लंडनमध्ये बोर्ड ऑफ कंट्रोल आलं, आणि दुसरं आणि तिसरं मराठा युद्ध कंपनीने लढलं ते याच चौकटीत.

या घराची आणखी एक शाखा थेट महाराष्ट्रात पोचली. गवत वाळवणारी ती सारा पुढे एका असुखी लग्नातून घटस्फोट घेऊन बाहेर पडली आणि १७८१ साली जॉर्ज नेपियर या फारसा पैसा नसलेल्या लष्करी अधिकाऱ्याशी तिने दुसरं लग्न केलं. पुढच्या वर्षी झालेल्या मुलाला तिने चार्ल्स जेम्स हेच नाव दिलं. हा चार्ल्स नेपियर साठीच्या उंबरठ्यावर, १८४१ च्या अखेरीस, मुंबई इलाख्याच्या फौजेत अधिकारपद घेऊन पुण्याला आला. मुलींसाठी मागे काही ठेवता यावं म्हणून या वयात हिंदुस्थानात आल्याचं तो सांगत असे. पुढच्याच वर्षी त्याला सिंधवर पाठवलं गेलं. फेब्रुवारी १८४३ मध्ये मियानीला आणि मार्चमध्ये सिंधमधल्या हैदराबादजवळ त्याने तिथल्या अमिरांचा पराभव केला. सिंध खालसा झालं, आणि लुटीतला सेनापतीचा वाटा म्हणून पन्नास हजार पौंडांहून जास्त रक्कम नेपियरच्या पदरात पडली. तीही नियमाप्रमाणेच. १८४७ साली सिंध मुंबई इलाख्याला जोडलं गेलं आणि १९३६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईतूनच चालला.